गंधार गिटारला देऊ नकोस

प्रश्न : ताई, चार वर्षांचं नातं दोन महिन्यांपूर्वी संपलं. तिनं संपवलं. तेव्हापासून मी ११ गाणी लिहिलीत, सगळी तिच्यावर. दोन मित्रांना घेऊन पॉप-पंक, म्हणजे वेगवान पण सुरेल रॉक वाजवणारा, बँड काढायचं ठरवलंय. मला गिटारवर चार-पाच पॉवर कॉर्ड येतात, एकानं जुनी बास गिटार मिळवलीय, तिसरा आजवर फक्त टेबलं बडवत आलाय. तिघं पुरेत का? गाणी बसवायची कशी? आणि एका गाण्यात तिचं नाव येतं. बासवाला म्हणतो, नाव काढ, नाहीतर मी वाजवणार नाही.
– तुटलेल्या तारेचा मालक

उत्तर : मी स्वतः बास वाजवायचे, त्यामुळे तुमच्या भांडणात माझं मत आधीच फुटलेलं आहे, हे लक्षात ठेवून वाच.

तिघं पुरेत. ग्रीन डे आणि ब्लिंक-१८२ यांनी नाव कमावलं ते तिघांतच. चौथा आला की सरावाची वेळ ठरवण्यातच महिना जातो.

आता गाणी. माझंही असंच मोडलं होतं, आणि मी सात गाणी लिहिली होती. सगळी संथ, मिनिटाला ८० ठोके वगैरे. प्रत्येकात आभाळ रितं. आमच्या ड्रमवाल्याला एका संध्याकाळी लवकर घरी जायचं होतं, म्हणून त्यानं वैतागून एक गाणं दुपटीहून जास्त वेगात, १८०च्या आसपास वाजवलं. मी चिडले, पण गात राहिले. 'तुझ्याविना हे रिते आभाळ' त्या वेगात तोंडात मावेना. श्वासच पुरेना. जे मावलं, ते एवढंच : 'तू छत्री विसरलास'. बाकी सगळं गळून गेलं आणि गाणं उभं राहिलं. तुझी ११ गाणी अशीच पळवून बघ. तीन उरतील. रामोन्स या पंक बँडच्या १९७६च्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी होती आणि सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपत होती. त्यामुळे तुझं दुःख सहा मिनिटांचं आहे असं वाटलं, तर कात्री शोध.

हा प्रकार नवा नाही. १९७८च्या सुमारास मँचेस्टरचा बझकॉक्स हा बँड हेच करत होता : पंकचा वेग, आणि विषय चुकीच्या माणसावर जीव जडल्याचा.

पॉवर कॉर्डबद्दल मला जरा रेंगाळू दे. त्यात असतं काय? षड्ज आणि पंचम. गंधार नाहीच. म्हणजे तो शुद्ध की कोमल, कॉर्ड आनंदी की उदास, हा प्रश्न गिटार सोडवतच नाही. (डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे गिटारच्या मुद्दाम फाटवलेल्या आवाजात, गंधार घातला की सगळं गढूळही होतं, ते वेगळं.) तो गंधार येतो तुझ्या गळ्यातून. गिटार निर्विकारपणे धडधडत असते आणि रडायचं की खिदळायचं हे गाणारा ठरवतो. मेजरमधली, म्हणजे शुद्ध गंधाराची, उड्या मारणारी चाल आणि शब्द मात्र फुटलेले, ही या संगीताची सगळी गंमत. म्हणून दुसरी गिटार घेऊन कोमल गंधारासकट पूर्ण मायनर कॉर्ड भरायचा मोह टाळ.

अंतऱ्यात उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे, तारांवर अलगद टेकव, म्हणजे तारा 'चग चग' अशा दबक्या वाजतील. ध्रुवपदाला हात उचल. आवाज वाढवायची गरजच नाही, खोलीचं दार उघडल्यासारखं होतं. हात पुढे सरकला तर तार मुकी होते, मागे गेला तर काहीच दबत नाही. ती अर्ध्या बोटाची जागा सापडायला मला पंधरवडा लागला.

मराठीत लिहिताना एक खड्डा आहे. गेली, केली, मेली, नेली : आपली क्रियापदं यमकं फुकट वाटतात, आणि फुकटचं यमक लगेच ओळखू येतं. ओळ क्रियापदावर संपवूच नकोस, वस्तूवर संपव. ध्रुवपदाचा शेवट 'आ' किंवा 'ओ'वर आला तर तिघांना एकत्र ओरडता येतं. 'ई'वर ओरडलं की गळा आवळल्यासारखा आवाज येतो. मी अनुभवलंय.

टेबलवाल्याला ड्रमचा संच लगेच नको. रबरी प्रॅक्टिस पॅड, दोन काठ्या आणि लय धरून टकटक करणारा मेट्रोनोम. हात टेबलावर तयार झालेत, गडबड उजव्या पायाची होईल, तेव्हा पहिल्यापासून पायानं जमिनीवर बास ड्रम मोजू दे. वेग रोज थोडाथोडाच वाढवा. आणि कानात इअरप्लग घाला, तिघांनीही. १०० डेसिबलला सुरक्षित मुदत १५ मिनिटांची धरतात, आणि बंद खोलीत ड्रम तिथे सहज पोहोचतात. आमच्यात कुणी घातले नाहीत. माझ्या डाव्या कानात अजून बारीक शिटी वाजते.

राहिलं नाव. बासवाला बरोबर आहे. ते नाव तुझं दुःख असेल. त्यानं ते दर सरावाला वीस वेळा का ऐकावं? शिवाय तिला उत्तर द्यायला माइक नाही. मी त्या मुलाचं नाव काढलं तेव्हा दोन अक्षरांची जागा रिकामी राहिली आणि चाल लंगडायला लागली. ड्रमवाला म्हणाला, 'अगं, छत्री घाल ना, तीही दोनच अक्षरी.' घातली. पुढे लोक समोर उभे राहून त्या छत्रीच्या नावानं जिवाच्या आकांतानं ओरडायचे, आणि कुणाची ते एकालाही ठाऊक नव्हतं.

तिच्या नावात अक्षरं किती आहेत ते आधी मोज.