मंजुरी आहे, पैसे कुठे आहेत?

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची, दिव्यांगत्व ६५ टक्के. संजय गांधी निराधार योजनेत मंजुरी मिळाली, पण चार महिने पैसे नाहीत. बँकवाले म्हणतात, आधार जोडलेलं आहे. तहसीलला चकरा मारू का?
– एक पालक, चोपडा तालुका

उत्तर : केळीच्या बागेतली रोजंदारी बुडवून आधी तहसीलला जाऊ नका, बँकेतच जा. ‘आधार जोडलंय’ या उत्तरावर मात्र परत फिरू नका. केवायसीसाठी, म्हणजे खातेदाराची ओळख पटवायला, आधार देणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यावेत म्हणून, ते खातं एनपीसीआय या बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे आधारशी जोडणं वेगळं. गोंधळ इथंच होतो. सगळ्यात शेवटी ज्या बँकेत ही जोडणी झाली, तिथंच पैसे जातात. म्हणून शाळेनं शिष्यवृत्तीसाठी काढलेलं जुनं पासबुकही भरून बघा. जोडणी नसेल तर संमती अर्ज द्या, पोच घ्या.

मग मुलीचं आधार. पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे अद्ययावत केले होते का? दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, आधार, पासबुक शेजारी ठेवून नावाचं अक्षर न् अक्षर ताडा. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर मुदतही बघा.

एवढं करूनही अडलं, तर मंजुरीपत्राची झेरॉक्स घेऊन तहसीलच्या संजय गांधी शाखेत जा.