पुणे–कोल्हापूर महामार्ग साताऱ्यावरूनच का गेला आणि त्याचे काम का संपत नाही?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. पुण्याहून कोल्हापूरला जाणारा मोठा रस्ता सातारा, कराड, पेठ नाका असाच का जातो आणि सांगली बाजूला का राहते, ही पहिली. इतकी वर्षे रुंदीकरण चालू असूनही प्रवास सुरळीत का होत नाही, ही दुसरी. मी साताऱ्यात राहतो आणि या रस्त्यावरून सतत ये-जा करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हा रस्ता समजून घ्यायचा तर आधी डोंगर आणि नद्या पाहाव्या लागतात. कात्रज ओलांडून खेड शिवापूरमार्गे आपण शिरवळजवळ नीरा नदीवर येतो आणि तिथे सातारा जिल्हा सुरू होतो. याच जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या पुढे मात्र सह्याद्रीपासून पूर्वेकडे गेलेली डोंगररांग रस्त्यात आडवी येते. या रांगेच्या उत्तरेला पडलेले पाणी नीरेतून भीमेला मिळते आणि दक्षिणेला पडलेले थेट कृष्णेला जाते. ही रांग ओलांडल्याशिवाय साताऱ्यात येताच येत नाही. एक वाट सासवड, नीरा, लोणंद अशी येऊन सालपे घाट चढते. रेल्वेने साधारण तीच दिशा धरली आणि आदर्कीच्या घाटातून ती वाठारला उतरली. दुसरी वाट खंबाटकीची आहे. चढ तीव्र असला तरी ती जवळची आणि सरळ असल्यामुळे मोटाररस्ता तिकडून गेला.

घाट उतरून वेळे, सुरूर मागे टाकले की भुईंजजवळ रस्ता कृष्णा ओलांडून तिच्या उजव्या काठाला येतो आणि मग कोल्हापूरपर्यंत त्याच बाजूने जातो. सांगली शहर आहे डाव्या काठाला. म्हणून सांगलीकरांना पेठ नाक्यावर महामार्ग सोडून इस्लामपूर, आष्ट्यावरून सांगलीवाडीपर्यंत यावे लागते आणि तिथे पुन्हा कृष्णा ओलांडावी लागते. १९२९ सालचा आयर्विन पूल त्याच जागी आहे. पेठ–सांगली रस्त्याच्या खड्ड्यांनी एका पिढीला छळले. आता त्याला राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा मिळून चौपदरी काँक्रीटीकरण हाती घेतले गेले आहे, पण हे काम फार आधी व्हायला हवे होते असे माझे स्पष्ट मत आहे.

उजव्या काठाने जाण्याची किंमतही मोठी आहे. सह्याद्रीतून कृष्णेकडे धावणारी प्रत्येक नदी या रस्त्याला ओलांडावी लागते: साताऱ्याच्या अलीकडे वेण्णा, पुढे उरमोडी, उंब्रजला तारळी, कराडच्या वेशीवर कोयना, कणेगावजवळ वारणा आणि शेवटी शिरोलीला पंचगंगा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पंचगंगेचे पाणी आले, वाहतूक बंद पडली आणि मालमोटारींच्या रांगा रस्त्याच्या कडेला थांबून राहिल्या. पुराच्या पट्ट्यात रस्ता नुसता रुंद करून भागत नाही. पाण्याला आरपार वाट ठेवून तो उंच करावा लागतो, आणि भराव घालून उंच केलेला रस्ता बंधाऱ्यासारखा पाणी अडवतो, ही पूरग्रस्त गावांची तक्रार रास्त आहे.

आता कामाविषयी. हा मूळचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४. २०१० च्या फेररचनेत तो दिल्ली–चेन्नई या ४८ क्रमांकाच्या महामार्गाचा भाग झाला, तरी आमच्याकडे जुनी माणसे अजून ‘एनएच फोर’च म्हणतात. सुवर्ण चतुष्कोन योजनेच्या काळात तो चौपदरी झाला. सातारा ते कागल हा टप्पा राज्य रस्ते विकास महामंडळाने केला आणि तासवडे व किणी येथे टोलनाके आले. त्यानंतर देहूरोड ते सातारा या १४० किलोमीटरचे सहापदरीकरण ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर २०१० मध्ये सुरू झाले. ठरलेली मुदत केव्हाच उलटली आणि पुढची अनेक वर्षे आम्ही अर्धवट उड्डाणपुलांच्या बाजूने, उखडलेल्या सेवा रस्त्यांवरून प्रवास करीत टोल भरत राहिलो.

भूसंपादन, पाण्याच्या वाहिन्या, विजेच्या तारा ही नेहमीची कारणे आहेतच. परंतु मला मूळ अडचण वेगळी वाटते. हा रस्ता एकाच वेळी आंतरराज्य महामार्गही आहे आणि गावांचा रोजचा रस्ताही आहे. नागठाण्याचा शेतकरी बैलगाडी किंवा ट्रॅक्टर घेऊन शिवारात जातो तो याच रस्त्याला आडवा छेद देऊन, आणि ऊस हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर कारखान्याकडे निघतो तोही याच रस्त्याने. सेवा रस्ता सलग नसेल तर ही सगळी वाहने मुख्य मार्गिकेवर येणारच. म्हणूनच उंब्रजसारखी गावे भराव पुलाऐवजी खांबांवरच्या, ‘पारदर्शक’ पुलाची मागणी करतात. भिंतीसारखा भराव गावाची दोन शकले करतो आणि बाजारपेठ मरते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. कराडजवळ मलकापूरला जुना उड्डाणपूल २०२३ मध्ये पाडून त्या जागी एकेरी खांबांवरचा, तीन किलोमीटरांहून लांब पूल हाती घेतला गेला, तो निर्णय मला योग्य वाटतो, जरी त्या काळात कोल्हापूर नाक्यावर लोकांचे हाल झाले.

राहिला खंबाटकी. साताऱ्याकडे येणारी वाहने घाट चढून येतात आणि पुण्याकडे जाणारी बोगद्यातून जातात. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी घाटात एखादा अवजड ट्रक क्लच जळून वळणावर उभा राहिला, की मागची रांग पाहता पाहता खंडाळ्यापर्यंत जाते. उलट दिशेला बोगद्यातून बाहेर पडताच उतारावर इंग्रजी एस अक्षरासारखे वळण आहे, आणि भरधाव वाहनाला ते सावरायला वेळच देत नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये तिथेच विजयपूरकडच्या मजुरांचा टेम्पो उलटून १८ जणांचा जीव गेला. घाट आणि हे वळण दोन्ही टाळण्यासाठी प्रत्येकी तीन मार्गिकांच्या दोन नव्या बोगद्यांचे, जोडरस्त्यांसह सुमारे साडेसहा किलोमीटरचे काम हाती घेण्यात आले. सहापदरीकरणाच्या आधी हे काम व्हायला हवे होते, कारण दोन्ही बाजूंना सहा पदर आणि मध्ये दोन पदरांचा घाट अशी रचना असेल तर पुढचे-मागचे सगळे पदर खंडाळ्यातच येऊन थांबतात.