वाचकांचे प्रश्न: लंडनचं भाडं, पिवळा रीडर आणि फोडणीचा धूर

सप्टेंबरच्या प्रवेशासाठी लंडनला निघालेल्या मुलांच्या घरून बरीच पत्रं आली आहेत. त्यातली चार एकत्र घेतो.

प्रश्न: मुलीला लंडनमध्ये एमएस्सीला प्रवेश मिळाला आहे. जाहिरातीत खोलीचं भाडं 200 पौंड होतं, म्हणून आम्ही महिन्याला 800 धरले. आता एजंट 867 सांगतोय. गंडवतोय का? (पालक, ताराबाई पार्क)

एजंटचा हिशोब बरोबर आहे. तिथं भाडं बऱ्याचदा आठवड्याचं छापतात, आकड्यापुढं 'पीडब्ल्यू' (पर वीक, म्हणजे दर आठवड्याला) असतं. महिना काढताना चारनं गुणायचं नाही. 200 गुणिले 52 म्हणजे वर्षाचे 10,400, भागिले 12 म्हणजे 866.67. चारनं गुणलं की वर्षाचे चार आठवडे गळतात आणि तुमच्या अंदाजपत्रकात 800 पौंडांची तूट येते.

डिपॉझिटही आठवड्यांवरच ठरतं. इंग्लंडमध्ये 2019 च्या कायद्यानं, वर्षाचं भाडं 50,000 पौंडांच्या आत असेल तर पाच आठवड्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. तुमच्या बाबतीत ते 1,000 पौंड. खोली धरून ठेवण्याची रक्कम जास्तीत जास्त एका आठवड्याची, म्हणजे 200. घरमालकानं डिपॉझिट 30 दिवसांत सरकारमान्य तीन योजनांपैकी एकीत ठेवायला हवं. कोणत्या योजनेत ठेवलं, हे मुलीनं लेखी मागून घ्यावं. मात्र घरमालक त्याच घरात राहत असेल आणि तुमची मुलगी त्यातली एक खोली घेणार असेल, तर 30 दिवसांचं हे बंधन त्याला लागू नाही. ओळखीच्या कुटुंबात खोली घेणारी आपली मुलं नेमकी इथंच बेसावध असतात. पावती आणि खोलीचे फोटो पहिल्या दिवशीच घ्या.

काउन्सिल टॅक्स, म्हणजे तिथल्या पालिकेचा घरावरचा कर, विसरू नका. घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर तो माफ असतो, पण विद्यापीठाचं प्रमाणपत्र काउन्सिलला द्यावं लागतं. दिलं नाही तर बिल येतच राहतं. घरात एक जरी नोकरदार आला तर पूर्ण माफी जाते, 25 टक्के सूट उरते. आणि घर न बघता पैसे पाठवायचे नाहीत. तिथं कुणी ओळखीचं नसेल तर थेट व्हिडिओवर खोली, नळ आणि हीटर चालू करून दाखवायला सांगा.

प्रश्न: मुलगा कधी कार्ड, कधी मोबाईल टेकवून प्रवास करतो. कार्ड तेच, तरी पैसे रोज वेगळे आणि जास्तच कापले जातात. (वाचक, मंगळवार पेठ)

त्याच्या दृष्टीनं कार्ड एकच, यंत्राच्या दृष्टीनं ते दोन प्रवासी. सकाळी कार्ड टेकवून ट्यूबमध्ये, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेत, शिरला आणि मोबाईल टेकवून बाहेर पडला, की दोन अर्धवट प्रवास नोंदले जातात आणि दोन्हींवर जास्तीत जास्त भाडं लागतं. दिवसाची कमाल मर्यादाही (तिच्यापुढं त्या दिवशी पैसे कापत नाहीत) दोघांची वेगवेगळी मोजली जाते. सोमवार ते रविवार एकच वस्तू वापरायची, म्हणजे आठवड्याची मर्यादाही मिळते.

दुसरी चूक डीएलआर या लंडनमधल्या हलक्या रेल्वेची. तिच्या बऱ्याच स्टेशनांवर फाटकच नसतं. माणूस सरळ रस्त्यावर येतो आणि खांबावरचा पिवळा रीडर, म्हणजे कार्ड टेकवायचं यंत्र, मागं राहतो. चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा तिथं टेकवायचं. बसमध्ये मात्र फक्त चढताना. 2014 पासून लंडनच्या बसमध्ये रोख घेत नाहीत, त्यामुळं आपल्या कोल्हापूरच्या केएमटी बससारखे सुटे पैसे काढून कंडक्टरची वाट बघण्यात अर्थ नाही.

काही स्टेशनांवर गुलाबी रीडरही असतो. समजा मुलगा वेम्बली सेंट्रलहून स्ट्रॅटफर्डला जातो. भाड्यासाठी शहराचे झोन केलेत, त्यातल्या मधल्या झोन 1 मधून न जाता विल्सडेन जंक्शनला गाडी बदलली, तर तिथला गुलाबी रीडर टेकवायचा. नाही टेकवला तर यंत्र महागडा मार्ग धरून चालतं.

वेळेचंही बघा. सोमवार ते शुक्रवार सकाळी 6.30 ते 9.30 आणि दुपारी 4 ते 7 गर्दीचं भाडं. संध्याकाळी बाहेरच्या झोनमधून झोन 1 मध्ये ट्यूबनं जाणाऱ्याला मात्र कमी भाडंच लागतं. बसला वेळेचा भेद नाही. 2025 मध्ये बसचं एक भाडं 1.75 पौंड होतं आणि पहिल्या टॅपपासून तासाभरात चढलेल्या पुढच्या सगळ्या बस त्यातच. दिवसभर बसच वापरली तर 5.25 पौंडांवर, म्हणजे तीन भाड्यांवर हिशोब थांबायचा. वेळ हाताशी असेल तर आमचं मत बसच्या बाजूनं.

विद्यार्थ्यांच्या ऑयस्टर कार्डावरची (हे लंडनच्या प्रवासाचं कार्ड) 30 टक्के सूट फक्त ट्रॅव्हलकार्ड, म्हणजे ठरावीक मुदतीचा प्रवासपास, आणि बसपासवर आहे, टॅप करून केलेल्या प्रवासावर नाही. कॉलेज आठवड्यात तीनच दिवस असेल तर पास काढण्याआधी आकडेमोड करा.

प्रश्न: आम्ही दोघं साठी ओलांडलेले, 15 दिवस मुलाकडं जाणार. ज्येष्ठांचा पास मिळेल का? (वाचक, कसबा बावडा)

नाही, तो लंडनच्या रहिवाशांनाच. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डावरचे आंतरराष्ट्रीय आणि कॉन्टॅक्टलेस हे दोन्ही व्यवहार चालू करा. भारतातल्या नव्या कार्डांवर ते मुळात बंद असतात. दोघांना दोन कार्डं लागतील, एकावर दोघं जाता येत नाही. एटीएमनं 'रुपयांत घेऊ का' विचारलं तर पौंडच निवडा, त्या सोयीसाठी दर वाईट लावतात.

प्रश्न: सोबत काय काय देऊ? आणि तिथं फोडणीनं अलार्म वाजतो म्हणे. (गृहिणी, शाहूपुरी)

कांदा-लसूण चटणी खुशाल द्या, दुहेरी पिशवीत आणि चेक-इन बॅगेत. पण तूप, पेढे, खवा आणि मटणाचं लोणचं नको. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ताही घरीच ठेवा. डाळ-पिठं वेम्बली, साउथॉल, ईस्ट हॅममध्ये मिळतात. तिथवर जाणं झालं की महिन्याचं एकदम आणावं.

अलार्मचं खरं आहे. विद्यार्थी वसतिगृहांत स्वयंपाकघरात बहुधा उष्णतेवर चालणारा सेन्सर असतो आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये धुरावर चालणारा. मिरचीची फोडणी दिली आणि दार उघडं राहिलं की धूर पॅसेजमध्ये जातो आणि अख्खी इमारत थंडीत खाली उभी राहते. दार लावायचं, पंखा तेल तापायच्या आधी सुरू करायचा, चटणी गॅस मंद करून घालायची. सेन्सरला पिशवी बांधायचा उद्योग करू नये, वसतिगृहं त्याला दंड लावतात.