बॅटरी साडेचार हजारांची, जोखीम सात एकरांची

अहमदपूर तालुक्यातील एका शेतकरी वाचकांकडे वडिलांच्या काळातील, 1978 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. गेल्या सहा वर्षांत या गाडीच्या चार बॅटऱ्या गेल्या. आता लातूरच्या दुकानदाराने तीन पर्याय सांगितले आहेत: साधी, पाणी घालण्याची 35 अँपिअर-तासांची (अँपिअर-तास म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचे माप) बॅटरी जुनी देऊन 4,500 रुपयांना, सीलबंद एजीएम (आम्ल काचेच्या तंतूंत शोषून ठेवणारी) बॅटरी 11,000 रुपयांना आणि ‘दहा वर्षे बघायला नको’ अशी लिथियम बॅटरी 28,000 रुपयांना. वाचकांचा कल लिथियमकडे आहे, कारण लग्नसराईत ते ही गाडी वरातीसाठी 5,000 रुपयांना देतात, हंगामात सातआठ लग्ने मिळतात आणि सहा लग्नांत बॅटरीचे पैसे वसूल होतील असा त्यांचा हिशोब आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी सहज म्हणून लिहिले आहे की गाडी एरवी फिरत नसल्याने तीन वर्षांपासून तिचा विमा भरलेला नाही आणि एका एजंटाच्या सल्ल्याने त्याऐवजी स्वतःची 10 लाखांची अपघात पॉलिसी घेतली आहे.

आपल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. 4,500 रुपयांची साधी बॅटरी घ्या. आपल्या गाडीला अजून मूळचा डायनामो (इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणारे यंत्र) आणि जुना कटआउट (चार्जिंगचे व्होल्टेज सांभाळणारा डबा) आहे असे आपण लिहिता. या जुन्या यांत्रिक कटआउटचे व्होल्टेज आजच्या गाड्यांइतके काटेकोर राहत नाही. थोडे जास्त चार्जिंग झाले तर साध्या बॅटरीचे पाणी उडते आणि ते पुन्हा घालता येते. सीलबंद एजीएममध्ये ती सोय नाही. लिथियम बॅटरी रिकामी झाली की चार्ज होताना एकदम मोठा प्रवाह ओढते, तो पुरवताना जुना डायनामो तापतो, आणि मे महिन्यात 42 अंशांच्या उन्हात बॉनेटखाली जी उष्णता साठते ती या बॅटरीला मुळीच मानवत नाही. ‘दहा वर्षे’ हे आश्वासन दुकानदाराच्या तोंडी आहे. वॉरंटी कार्डावर किती महिने छापले आहेत आणि त्यातील किती महिने पूर्ण बदलून मिळते, किती महिने फक्त प्रमाणात सूट मिळते, हे त्याला विचारा, म्हणजे दहा वर्षांचे काय होते ते आपल्याला दिसेल.

मात्र नवी साधी बॅटरीही दीड वर्षातच जाईल, कारण दोष बॅटरीचा नाही. वरातीत गाडी चालवणाऱ्या आपल्या पुतण्याला एक गोष्ट विचारा: वरातीत गाडी माणसांच्या चालीने सरकत असते तेव्हा डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणत राहतो का? राहत असणार. डायनामो इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर जवळजवळ काहीच वीज देत नाही. त्या वेळी हेडलाइट, मागचे दिवे, इग्निशन, हॉर्न आणि सजावटीच्या माळा हे सगळे एकट्या बॅटरीवर चालते. हा भार साधारण 12 अँपिअर धरला आणि वरात दोन तास चालली, तर 24 अँपिअर-तास गेले. पूर्ण भरलेली बॅटरीच 35 ची आहे. त्यानंतर गाडी रात्री गोठ्याशेजारी उभी राहते ती पुढच्या लग्नापर्यंत. अर्ध्याहून अधिक रिकामी बॅटरी उन्हाळ्यात अशी पंधरा दिवस पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि कडक होतो, मग कितीही चार्ज केली तरी ती पूर्वीइतकी भरत नाही. दुकानदाराने आपला वॉरंटीचा दावा ‘बॅटरी डिस्चार्ज आहे’ म्हणून नाकारला असे आपण लिहिता. त्याचे कारण हेच आहे.

देखभाल खर्चिक नाही. बॅटरीवर कोरलेली निर्मितीची तारीख पाहून तीन महिन्यांच्या आतलीच घ्या. बॅटरीच्या ऋण तारेवर तीन-चारशे रुपयांचा कट-ऑफ स्विच बसवा आणि गाडी उभी केली की तो बंद करा. दोन-अडीच हजारांचा आपोआप थांबणारा चार्जर घेऊन महिन्यातून एकदा रात्रभर लावा. दुसऱ्या दिवशी, चार्जर काढून काही तास झाल्यावर मल्टिमीटरने मोजा: 12.6 व्होल्ट असेल तर बॅटरी भरलेली आहे, 12.4 च्या खाली असेल तर लगेच पुन्हा चार्ज करा. पाणी डिस्टिल्डच घाला; आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातील क्षार प्लेटा खराब करतात. टर्मिनलवर पांढरी भुकटी दिसली तर सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडे करून व्हॅसलीन लावा. बॅटरी, स्विच आणि चार्जर मिळून साडेसात हजारांत सगळे बसते, आणि बॅटरी चार वर्षे सहज चालावी.

आता ज्या दोन ओळी आपण शेवटी लिहिल्या त्यांच्याकडे वळतो, कारण बॅटरीच्या निवडीत चूक झाली असती तर आपले तेवीस-चोवीस हजार गेले असते. या चुकीत शेत जाऊ शकते.

एजंटाने आपल्याला दिलेली पॉलिसी आपल्या अपघाताची आहे. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर ती एक रुपयाही देणार नाही. गाडीच्या विम्याच्या जागी ही पॉलिसी पुढे करणाऱ्या माणसाला एकतर विमा कळत नाही किंवा त्याला फक्त कमिशन कळते, आणि दोन्ही परिस्थितींत त्याच्याकडून पुढे काहीही घेऊ नये. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार रस्त्यावर आणलेल्या प्रत्येक गाडीला तृतीय पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा, विमा सक्तीचा आहे. ती वर्षातून आठ वेळाच बाहेर निघते याने काही फरक पडत नाही. विम्याशिवाय पहिल्यांदा सापडल्यास 2,000 रुपये दंड होतो, पण तो फार किरकोळ भाग आहे.

वरातीत गाडीपुढे नाचणारी पोरे असतात, रस्ता अरुंद असतो, ब्रेक जुने असतात. समजा, 34 वर्षांचा, महिना 20,000 रुपये कमावणारा आणि चार माणसांचे पोट चालवणारा तरुण या गाडीखाली दगावला. मोटार अपघातांचे दावे ऐकणारे न्यायाधिकरण भरपाई कशी काढते ते सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 आणि 2017 च्या निकालांनी ठरवून दिले आहे. वर्षाचे उत्पन्न 2 लाख 40 हजार; भविष्यातील वाढीचे 40 टक्के धरून 3 लाख 36 हजार; त्यातून त्याचा स्वतःचा चौथा हिस्सा वजा केला की 2 लाख 52 हजार; वयानुसार गुणक (ही रक्कम किती पटीने धरायची तो आकडा) 16. झाले सुमारे 40 लाख रुपये, वर व्याज वेगळे. विमा नसेल तर ही रक्कम चालकासोबत मालकाकडूनही वसूल होते, गाडी पुतण्या चालवत असला तरीही. याच कायद्याच्या कलम 174 नुसार ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. म्हणजे ती थेट आपल्या सात एकरांच्या सातबाऱ्यापर्यंत पोहोचते.

यावर उपाय म्हणून आपण आज विमा उतरवलात तरी वरातीचा प्रश्न सुटत नाही. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देणे म्हणजे परवान्याशिवाय भाडोत्री वापर, हा कायद्याचा भंग आहे, आणि खासगी गाडीची पॉलिसी भाडोत्री वापराला संरक्षण देत नाही. कंपनीने आधी पीडितांना पैसे दिले तरी नंतर ती आपल्याकडून वसुली मागू शकते, आणि 5,000 रुपये घेतल्याचे फोनवरील व्यवहारात नोंदलेलेच असते. इतक्या जुन्या गाडीसाठी भाडोत्री परवान्याच्या मागे लागणे आपल्या दृष्टीने व्यवहार्य नाही.

मग या भाड्यातून उरते तरी किती? आठ लग्नांचे 40,000 रुपये येतात. पेट्रोल, धुणे, सजावट आणि पुतण्याचे मिळून प्रत्येकी दीड हजार धरले तर 12,000 गेले. बॅटरीचे वर्षाचे 3,000, तापलेले इंजिन, क्लच आणि कार्बुरेटरची दुरुस्ती मिळून किमान 10,000. हाती 15,000 राहतात. 40 लाखांचा एक दावा फेडायला या कमाईची अडीचशेहून अधिक वर्षे लागतील. बॅटरी लग्नांतून वसूल होईल असे आपण म्हणता, तेव्हा बॅटरी संपवतात ती लग्नेच, हे आपल्या हिशोबात आलेलेच नाही.

आपण आरसीचे नूतनीकरण वेळेवर करून तिची मुदत 2028 पर्यंत वाढवून घेतली आहे, ते उत्तम केलेत. वडिलांची गाडी चालू ठेवण्यामागची आपली माया मला समजते, आणि ती ठेवूच नये असे मी म्हणत नाही. 1000 ते 1500 सीसीच्या खासगी गाडीचा तृतीय पक्ष विम्याचा हप्ता 2022 पासूनच्या दरानुसार 3,416 रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे सुमारे 4,000 रुपये आहे. सोबत मालक-चालकाचे 15 लाखांचे अपघात संरक्षण घ्यावे लागते. आपली आताची पॉलिसी 10 लाखांची असल्याने तिच्यामुळे सूट मिळणार नाही. तरीही सगळे साडेचार हजारांच्या आसपास जाते, एका बॅटरीच्या किमतीइतके. तीन वर्षांत आपण वाचवलेले साधारण बारा-तेरा हजार रुपये एवढ्याचसाठी होते.

लातूरला बॅटरी आणायला जाताना पद्मिनी घेऊन जाऊ नका. एसटीने जा किंवा मोटारसायकलने जा. आधी विमा, पॉलिसीचा कागद हातात आल्यावर गाडी रस्त्यावर, आणि पहिली फेरी पीयूसीसाठी. आणि मे महिन्यातील ज्या दोन वरातींचा विसार आपण घेतला आहे, तो या आठवड्यातच परत करा, म्हणजे त्या घरांनाही दुसरी गाडी बघायला वेळ मिळेल.