ब्रोमेलियाडला बांडगूळ म्हणावं का?

गोंदिया जिल्ह्यातल्या एका खेड्यात विज्ञान शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. आठवीच्या मुलांकडून त्या भिंतीवर लावायचा तक्ता करून घेत आहेत. विषय आहे उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेत झाडांवर वाढणारी ब्रोमेलियाड आणि तिच्यावर झालेलं संशोधन. हाताशी असलेल्या मजकुरात तिला ‘एक प्रकारचं बांडगूळ’ म्हटलं होतं. शंका आली म्हणून त्यांनी कोश उघडला, तर ‘अपिवनस्पती’ सापडलं. मुलांनी ते ‘अपवनस्पती’ वाचलं आणि ‘ही वाईट वनस्पती का, मॅडम?’ असं विचारलं. मग बांडगूळच ठेवावं का? आणि ‘टँक ब्रोमेलियाड’मधल्या टँकचं काय करावं?

ताई, बांडगूळ आधी खोडून टाका. शब्द अस्सल आपला आहे, पण इथे तो चुकीचा आहे आणि ही चूक लहान नाही. बांडगूळ झाडाच्या अंगात शिरतं. आंब्यावरचं बांडगूळ कधी फांदीसकट कापून मुलांना दाखवा. ते चिकटलेलं असतं तिथे फांदी गाठीसारखी फुगलेली दिसते. त्या गाठीचा उभा काप घेतला की आंबा कुठे संपला नि बांडगूळ कुठे सुरू झालं, हे बोट ठेवून सांगता येत नाही. त्याची शोषक मुळं लाकडात घुसून झाडाचं पाणी आणि क्षार ओढतात. हिरव्या पानांत अन्न ते स्वतः तयार करतं, म्हणून त्याला अर्धपरजीवी म्हणतात. अमरवेल तेवढंही करत नाही. बांडगूळ अन्न करतं, पण पाणी मात्र आंब्याचंच. म्हणूनच दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसालाही आपण बांडगूळ म्हणतो.

ब्रोमेलियाड यातलं काहीच करत नाही. झाडावर वाढणाऱ्या तिच्या बहुतेक जातींत मुळांचं मुख्य काम फांदीला धरून बसणं एवढंच. तिच्या कुळातल्या टिलँड्सियाच्या काही जाती अमेरिकेत विजेच्या तारांवरही वाढतात. तारेतून कोणता रस ओढणार? मुलांना एवढा एक दाखला पुरे.

त्याहून जवळचा दाखला तुमच्या शिवारातच आहे. आमच्या वावराच्या धुऱ्यावर एक जुना मोह आहे. त्याच्या दुबेळक्यात पट्टीसारख्या जाड, टोकाशी कातरल्यासारख्या पानांचा एक झुबका आहे. उन्हाळ्यात त्याला तपकिरी चौकटींची नक्षी असलेली फुलं येतात, मधली पाकळी निळसर जांभळी. हा वांदा, आपल्याकडचं झाडावरचं ऑर्किड. लहानपणी मी त्याला बांडगूळ समजून विळ्याने काढायला निघालो, तेव्हा गुरं राखणाऱ्या ढोरकी बाबांनी हात धरला. म्हणाले, ‘राहू दे पोरा, ह्ये झाडाले खात नाई, नुसतं बसून हाये.’ अपिवनस्पतीची याहून नेमकी व्याख्या मला आजवर सापडलेली नाही.

त्या वांद्याची मुळं हवेत लोंबतात, दोरीइतकी जाड आणि पांढरीफटक. त्यांवर ओंजळभर पाणी टाकून थोडा वेळ थांबा. पांढरं मूळ बघता बघता हिरवट होतं. मुळावरचं स्पंजासारखं आवरण पाणी पितं आणि आतला हिरवा थर दिसू लागतो. पाऊस आणि दव प्यायचं तोंड ते. मोहाच्या सालीखाली काहीही गेलेलं नसतं.

आता गंमत बघा. घोटाळा तुमच्या मजकुराच्या लेखकाने पहिल्यांदा केलेला नाही, तो फार जुना आहे. अमरकोशात वन्दा, वृक्षादनी, वृक्षरुहा आणि जीवन्तिका ही चार नावं एकाच ओळीत, एकाच वनस्पतीची म्हणून येतात. वृक्षादनी म्हणजे झाड खाणारी, वृक्षरुहा म्हणजे झाडावर उगवणारी. तुमचा सगळा प्रश्न या दोन शब्दांच्या मधल्या फटीत आहे! वन्दा हे नाव बांडगुळालाही लागलं आणि ऑर्किडलाही. संस्कृतचे इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स यांनी ते आपल्याकडून उचललं आणि १८२० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी ऑर्किडच्या एका प्रजातीचं शास्त्रीय नाव म्हणून छापलं. तेव्हापासून जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ त्या प्रजातीच्या ऑर्किडला ‘व्हँडा’ म्हणतात आणि आपल्याकडे मात्र बऱ्याच ठिकाणी बांदा-वांदा म्हटलं की अजून बांडगूळच डोळ्यांपुढे येतं. मला विचाराल तर वृक्षरुहा हा शब्द अपिवनस्पतीसाठी वेगळा काढता आला असता, फार गोड शब्द आहे. पण शेकडो वर्षं तो वृक्षादनीच्या शेजारी बसला, आता त्याला वेगळा करणं कठीण.

मग ‘अपिवनस्पती’. मुलं अडखळतात याचं कारण, ‘अपि’ म्हणजे ‘सुद्धा’ एवढाच अर्थ आपल्याला ठाऊक असतो. संस्कृतात तो उपसर्ग म्हणून ‘वर, लगत’ असाही येतो. अपिधान म्हणजे वर ठेवलेलं झाकण. आणि ग्रीक भाषेतला ‘एपि’ हा या ‘अपि’चा सख्खा भाऊ, दोन्ही एकाच मुळातून निघालेले. शास्त्रज्ञांचा शब्द ‘एपिफाइट’, म्हणजे ‘एपि’ अधिक ‘फायटॉन’, वर राहणारी वनस्पती. आपल्या परिभाषाकारांनी त्या ग्रीक भावाच्या जागी संस्कृत भाऊ बसवला. हिंदीत ‘अधिपादप’ चालतो आणि तोही वाईट नाही, पण मराठीत अपिवनस्पती रुळलेला आहे, तोच ठेवा. फळ्यावर ‘अपि’ आणि ‘अप’ शेजारी शेजारी लिहून एकदा म्हणून घ्या, मुलं पुन्हा चुकणार नाहीत.

शब्दासाठी इतका हट्ट का, तेही सांगतो. बांडगूळ म्हटलं की पुढचा प्रश्नच मरतो: ती झाडाचं खाते, संपलं. अपिवनस्पती म्हटलं की लगेच विचारावंसं वाटतं, माती नाही, झाडाचा रस नाही, मग ती जगते कशावर? ब्रोमेलियाडवरचं बरंच संशोधन या प्रश्नाभोवती फिरतं. कोस्टा रिकाचे शास्त्रज्ञ क्लोदोमिरो पिकादो यांनी १९१३ साली झाडावरच्या ब्रोमेलियाडांवर मोठा प्रबंध लिहिला. टँक ब्रोमेलियाडची पानं बुडाशी एकमेकांत घट्ट बसून पेला होतो, तोच तिचा टँक; त्यात पावसाचं पाणी साठतं. वरून पडलेला पालापाचोळा त्यात कुजतो, किडे, अळ्या, बेडूक राहतात आणि पानांवरचे बारीक खवले त्या पाण्यातून पोषण शोषून घेतात. जमैकात तर एक खेकडा याच पाण्यात पिल्लं वाढवतो. मादी पाण्यातला पाला काढून टाकते आणि गोगलगायींचे रिकामे शंख आणून टाकते, म्हणजे पिल्लांच्या कवचाला चुना मिळतो.

दुसरी हकीकत हिवतापाची आहे, आणि आपल्या पूर्व विदर्भात ती लगेच कळेल. कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावर कोकोच्या मळ्यांत सावलीसाठी मोठी झाडं लावत, तीही आपल्या पांगाऱ्याच्याच प्रजातीची. त्यांवर ब्रोमेलियाड दाट वाढत आणि त्यांच्या पेल्यांतल्या पाण्यात हिवतापाचे डास. डबकी बुजवून तिथे काय होणार? जीवशास्त्रज्ञ कॉलिन पिटेंड्रिग यांनी हा सगळा गुंता अभ्यासून १९४८ साली मांडला. झाडांवर मोरचुदाचं पाणी फवारून ब्रोमेलियाड मारावे लागले. ‘बांडगुळावर फवारणी केली’ असं कुणी लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की सावलीचं झाड वाचवायला केली.

राहिला टँक. इथे परका शब्द घ्यायची गरजच नाही, कारण कोशकार इंग्रजीतल्या टँकचं नातं आपल्याच टाकं-टांकीशी लावतात. गडावर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं डोळ्यांसमोर आणा. तेव्हा ‘टाकेदार ब्रोमेलियाड’ लिहा. पण तोंडी समजावताना मी तुमच्याकडचा शब्द वापरेन, बोडी. धानाच्या बांधीजवळची ती लहानशी बोडी पावसाने भरते, तिच्यात खेकडे-बेडूक असतात, तिचा गाळ काढून वावरात टाकला की पीक जोमाने येतं. ब्रोमेलियाडची बोडी तिच्या पानांतच असते, आणि गाळही ती तिथेच वापरते. तलाव म्हणू नका, तुमच्या मुलांना मोठा मामा (माजी मालगुजारी) तलाव आठवेल आणि माप चुकेल.

एक बारीक गोष्ट. ‘ब्रोमेलिया’ आणि ‘ब्रोमेलियाड’ यांची अदलाबदल करू नका. ब्रोमेलिया ही एक प्रजाती, ओलोफ ब्रोमेलिउस या स्वीडिश वैद्यांच्या नावावरून ठेवलेली. ब्रोमेलियाड म्हणजे त्या सबंध कुळातली कुठलीही वनस्पती. कुळात ३५०० च्या आसपास जाती आहेत आणि आफ्रिकेतल्या गिनीमधली एक सोडली तर सगळ्या मूळच्या अमेरिकेतल्या. त्यांतली एक आपण खातो, अननस. तो जमिनीत वाढतो, अपिवनस्पती नाही. त्याचं नावही दक्षिण अमेरिकेतल्या तुपी भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आलं. म्हणून तक्त्यावर पहिल्यांदा ‘ब्रोमेलियाड (अननसाच्या कुळातली वनस्पती)’ असं लिहा, पुढे नुसतं ब्रोमेलियाड चालेल.

तक्त्याखालच्या ओळीसाठी माझा मसुदा असा: ‘झाडावर वाढणारी टाकेदार ब्रोमेलियाड ही अपिवनस्पती आहे. ती झाडावर बसते, झाडाला खात नाही. पानांच्या टाक्यात साठलेल्या पाण्यावर आणि कुजलेल्या पाल्यावर ती जगते.’ आणि आठवडी बाजारातून शेंडीसकट एक अननस आणा. शेंडी उभी धरून वरून वाटीभर पाणी हळूहळू ओता. बरंचसं ओघळून जाईल, थोडं पानांच्या बेचक्यांत थांबेल. ते थांबलेलं पाणी मुलांना बोट घालून बघू द्या, मग तक्त्यावर ‘टाकं’ हा शब्द त्यांनाच लिहायला सांगा.