आओमधलं सोळा म्हणजे 'वीस वजा सहा' नव्हे

प्रश्न असा आहे की नागा भाषेत सोळाला 'वीस वजा सहा' म्हणतात असं वाचलं, तर ते आपल्या एकोणीससारखंच का, आणि आओ ही त्या नागा भाषेची बोली आहे का.

आधी ते 'नागा भाषेत' सोडा. सारखं कानावर येतं आणि दर वेळी खटकतं. नागा नावाची एक भाषाच नाहीये. आओ, अंगामी, लोथा, सुमी, कोन्याक या वेगवेगळ्या भाषा आहेत, एकाला दुसऱ्याचं कळत नाही म्हणून तर बाजारात नागामीज बोलतात, आणि ती असमियावरून झालेली, म्हणजे मराठीची लांबची नातेवाईक, आओची नाही. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात (1903 चा खंड) 'नागा गट' करून पश्चिम, मध्य, पूर्व असे कप्पे पाडलेत. मधला आओ-लोथाचा कप्पा बऱ्यापैकी टिकला, पण पूर्वेकडच्या कोन्याक वगैरेंना रॉबिन्स बर्लिंग या भाषाशास्त्रज्ञाने 1983 मध्ये सरळ उचलून बोडो-गारो आणि जिंगफो या ईशान्य भारत-म्यानमारकडच्या भाषांच्या पंगतीला बसवलं, आणि गारोत सूर्याला 'साल' म्हणतात म्हणून त्या गटाचं नावच साल ठेवलं. तरी आजही लोक 'नागा भाषाकुळ' लिहितात! नागा हे लोकांचं नाव आहे. भाषेबद्दल बोलायचं तर तिबेटो-बर्मन म्हणा, म्हणजे तिबेटी आणि बर्मी ज्यात येतात ते कुळ.

बोलीचं म्हणाल तर आओ बोलणारे अडीच लाखांच्या वर, मुख्यतः नागालँडच्या मोकोकचुंग जिल्ह्यात, आणि त्यांच्यात चुंगली आणि मोंगसेन हे दोन मोठे प्रकार, शिवाय मोंगसेनकडे झुकणारी चांगकी. क्लार्क नावाच्या बाप्टिस्ट मिशनऱ्याने चुंगलीत पुस्तकं छापली, मग बायबल, चर्च, शाळा सगळं चुंगलीत झालं, म्हणून मोंगसेनवाल्यांना चुंगली येते आणि उलटं फारसं होत नाही. यावरून मोंगसेनला 'आओची बोली' आणि चुंगलीला 'आओ भाषा' म्हणणं मला अजिबात पटत नाही. जी छापली गेली ती भाषा आणि उरलेली ती बोली, हा कुठला हिशोब?

आता सोळा. चुंगलीत वीस म्हणजे मेत्सु, सहा म्हणजे त्रोक, आणि जुन्या पद्धतीत सोळा म्हणजे 'मेत्सु माबेन त्रोक'. यातला 'मा' हा नकार, 'बेन' म्हणजे आणणे. वीस आणलेले नाहीत, सहा. वीसमधून सहा काढले तर चौदा होतात हो! इथे वजाबाकी नाहीच, दहा मागे पडले, आता विसाच्या वाटेवर आहोत, आणि त्या वाटेवरचे सहा. सतरा, अठरा, एकोणीस पण असेच. (हा 'त्रोक' पण बघा, तिबेटी लिखाणात द्रुग, मणिपुरीत तरुक, मिझोत परुक, गारोत दोक. आओ लोक ज्या सहा दगडांतून आपले पूर्वज निघाले म्हणतात ते लोंगत्रोक, लोंग म्हणजे दगड.)

त्यामुळे एकोणीस इथे चालणार नाही. एकोणीसमध्ये 'ऊन' आहे, एकाने कमी, शुद्ध वजाबाकी, पावणेचं पण तेच, पाद अधिक ऊन. पण मराठीत आओसारखी मोजणी आहे, आणि ती रोज तोंडात असते: अडीच! संस्कृत अर्धतृतीय, म्हणजे तिसरा अर्धा. दोन झाले हे बोलायचंच नाही, थेट पुढच्या तिसऱ्याचं नाव घ्यायचं आणि त्यातलं किती झालं ते सांगायचं. औट पण तसंच, अर्धचतुर्थ, प्राकृतात अद्धुट्ठ, मग औट, साडेतीन. औट हात देह म्हणतात त्यातला औट, आणि ज्यांनी औटकीचा पाढा पाठ केलाय त्यांनी ही मोजणी केलेलीच आहे. जर्मनीत राहणाऱ्यांना तर सांगायलाच नको, तिथे अडीच वाजले की 'हाल्ब द्राय', अर्धा तीन.

आणि म्हणूनच मोंगसेनचं व्याकरण लिहिणारे अलेक्झांडर कूप यांच्याशी माझं इथे जमत नाही. जुन्या अंगामीतही अशी मोजणी होती, आणि कूप 2012 च्या लेखात या मोजणीवरून आओ आणि अंगामीकडचे गट एकमेकांच्या जवळचे धरतात. माणूस मोठा, व्याकरण उत्तम. पण जी युक्ती संस्कृताला सुचली, जर्मनला सुचली, ती डोंगरातल्या दोन शेजाऱ्यांनी एकमेकांकडून उचलली नसेल कशावरून? शेजारी मीठ-भाताबरोबर आकडेही देतात-घेतात. नातं दाखवायचं तर त्रोकसारख्या शब्दांतले आवाज नियमाने जुळतात का ते दाखवा, मोजायची सवय हा फार कच्चा पुरावा आहे.

शाळेतून आता दहा-अधिक-सहा असं सरळ मोजणं आलंय, 'माबेन' मागे पडलं. आपल्याकडे औटकीचं हेच झालं.