रविवारीच साइटवर जाता येतं, स्लॅबचं काय बघू?

प्रश्न: पुण्यात नोकरी आहे आणि साताऱ्याजवळ गावी घराचं काम चालू आहे, मला फक्त रविवारी जमतं. पुढच्या आठवड्यात स्लॅब आहे. ठेकेदार म्हणतो टेन्शन घेऊ नका साहेब. काय करू?

उत्तर: एक दिवस सुट्टी टाकाच, आणि ती स्लॅबच्या आदल्या दिवशी नको, स्लॅबच्याच दिवशी टाका. सळई बांधून झाली की इंजिनिअरला चेक करायला लावा आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय माल (काँक्रीट) ओतू देऊ नका, सळईखाली कव्हर ब्लॉक (सळई वर उचलून धरणारे छोटे ठोकळे) हवेत, खडीचे तुकडे नकोत. मिक्सरपाशी उभे राहा कारण खरी गडबड तिथेच होते, माल सरकत नाही म्हणून लेबर सरळ पाण्याची बादली ओततात आणि स्लॅब कमजोर होतो! एम २० ग्रेडच्या काँक्रीटला सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीमागे साधारण ३० लिटर पाणी, वाळू ओली असेल तर त्याहून कमीच. व्हायब्रेटर (काँक्रीट नीट बसवणारं मशीन) आदल्या दिवशी चालू करून बघायला सांगा.

नंतर स्लॅबवर छोटे बांध घालून वाफे करून पाणी भरून ठेवायचं, पीपीसी (फ्लाय अॅशसारखी भर घातलेलं) सिमेंट असेल तर किमान १० दिवस आणि उन्हाळ्यात १४, त्यासाठी गावातलाच एखादा माणूस पैसे देऊन ठेवा, ठेकेदाराच्या भरवशावर सोडू नका. सेंटरिंग (स्लॅबखालचा तात्पुरता आधार) कधी काढायचं ते इंजिनिअर ठरवतील, भाडं वाढतंय म्हणून ठेकेदाराने घाई केली तरी ऐकू नका.